चकली वर, भाव खाली

वेबसाइट बांधून अंतर्धान पावलेले श्रीयुत कारागीर यांस,



पत्रात आपलं नाव घालत नाही. खालच्या मजल्यावरच्या काकूंची तशी सक्त ताकीद आहे. ‘मुलगा वाईट नव्हता गं, चकली अगदी मागून मागून खायचा,’ असं त्या अजूनही म्हणतात. शिवाय नावाची तशी गरजही नाही. आमच्या बंगळुरूच्या इंदिरानगरात बाराव्या मेन रस्त्यावरच्या कुठल्याही कॅफेत शिरावं. आपले चार भाऊबंद लॅपटॉप उघडून कुणाच्या दातांच्या दवाखान्याची, कुणाच्या भरतनाट्यमच्या क्लासची, कुणाच्या केकची ‘साइट टाकत’ बसलेले असतात. त्या सगळ्यांनी हे पत्र आपापल्या नावावर वाचायला हरकत नाही. पहिला मान मात्र आपला.

२०२१ साली एका जाहिरातीत राहुल द्रविड स्वतःला इंदिरानगरचा गुंडा म्हणवून घेत रस्त्यात अडकलेल्या गाड्यांवर ओरडला आणि सगळा देश हसला. आम्ही इथले रहिवासीही हसलो. बॅटनं शेजारच्या गाडीचा आरसा फोडणारा गुंडा परवडतो हो, आरसा दुसऱ्या दिवशी नवा बसतो. आपण केलेली मोडतोड तशी दिसत नाही. तिचा पत्ता लागतो तो सामान हलवायला काढल्यावर.

आठवण करून देते. साल २०१७. काका विमानं बनवणाऱ्या एचएएलमधले; ओझरच्या कारखान्यातून बदली होऊन बंगळुरूला आले आणि निवृत्तीनंतर इथेच राहिले. काकूंनी इंदिरानगरच्या दुसऱ्या स्टेजमधल्या घरातून फराळाचे डबे सुरू केले होते आणि व्हाइटफील्डच्या मराठी पोरांमध्ये त्यांच्या भाजणीचं नाव झालं होतं. मग आपण आलात. मराठी बोलणारा मुलगा म्हटल्यावर काकूंनी फार चौकशा केल्या नाहीत. ‘काकू, सगळं ड्रॅग अँड ड्रॉप आहे, उद्या तुमचं तुम्ही बदलाल,’ हे आपलं वाक्य काकूंना पाठ आहे. काकूंनीही एकच अट घातली होती: भाव मला बदलता आले पाहिजेत.

पुढे प्रत्येक दिवाळीला काकू नवे भाव व्हॉट्सअ‍ॅपवर आपल्याला पाठवायच्या, आपण ते ‘अपडेट’ करायचात आणि अपडेटचे पैसे घ्यायचात. ड्रॅग आपण केलं, ड्रॉप काकू झाल्या. मग कधीतरी आपण उत्तर देणंही थांबवलंत.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर काकूंचा मला फोन आला. ‘अगं, साइटवर फराळ नाहीये. इंग्रजीत काहीतरी क्रिटिकल लिहिलंय. कुणाला दवाखान्यात नेलंय की काय?’ होस्टिंगवाल्यांनी रीतसर पूर्वसूचना देऊन, साइट जिच्यावर चालते ती जुनी पीएचपी काढली होती आणि आठवी आवृत्ती चढवली होती. ती पूर्वसूचना अर्थात आपल्या ईमेलवर गेली होती. साइटच्या रूपासाठी आपण निवडलेली थीम ‘क्रिएट फंक्शन’ नावाच्या एका जुन्या सोयीवर उभी होती. पीएचपीनं ती सोय ७.२ मध्ये, म्हणजे २०१७ सालीच, ‘यापुढे वापरू नका’ म्हणून जाहीर केली आणि ८.० मध्ये काढूनच टाकली. थीमच्या मूळ लेखकानं दुकान केव्हाच गुंडाळलं होतं. आणि थीमबरोबर ‘फुकट’ मिळालेला, पानं मांडायचा तो पेज बिल्डर? तो फुकट नसतो. परवाना थीमवाल्याच्या नावाचा, आपण त्याच्या घरचे पाहुणे. बिल्डरची नवी आवृत्ती निघाली तरी थेट आपल्याला मिळत नाही, थीमवाल्यानं पुढे सरकवली तर मिळते. सरकवणारा गेला, पाहुणे अडकले. काकूंना हे आपण सांगितलं होतंत ना? त्यांना आठवत नाही म्हणे. वय झालं असेल त्यांचं.

होस्टिंगवाल्यांच्या हातापाया पडून जुनी पीएचपी काही आठवडे परत मिळवली आणि ठरवलं की बिऱ्हाडच हलवायचं. जुन्या बिल्डरमधून सगळी पानं वर्डप्रेसच्या स्वतःच्या ब्लॉक एडिटरमध्ये आणायची. सौजन्य म्हणून आपल्याला मेसेज केला. आपलं उत्तर या वेळी तत्परतेनं आलं: ‘मॅम, कन्व्हर्टर प्लगिन टाका, एका क्लिकमध्ये होतं. नाहीतर मी करून देईन, कोटेशन पाठवू?’ आपल्या नावाखाली आता ‘लेआउट मायग्रेशन स्पेशालिस्ट’ असं लिहिलेलं असतं, हेही तेव्हाच कळलं. अभिनंदन. गाठी मारायचे पैसे आधी घेतले, आता सोडवायचे घ्यायचे. धंदा म्हणून याला तोड नाही.

तर मी तो एक क्लिक केला. खऱ्या साइटची प्रत काढून तिच्यावर केला, एवढी अक्कल मला आहे. प्लगिननं हिरवी खूण दाखवली, शंभर टक्के यशस्वी. पान उघडलं तर वरपासून खालपर्यंत चौकोनी कंसांची रांग. ‘रो’ सुरू, ‘कॉलम’ सुरू, रुंदी एक भागिले दोन, ‘कॉलम’ बंद, ‘रो’ बंद, आणि मध्ये कुठेतरी बिचारा ‘खुसखुशीत’ हा शब्द.

हे का होतं, ते आपल्याला ठाऊक असेलच. नसेल तर पत्राचा तेवढा तरी उपयोग होवो. वर्डप्रेसमध्ये पानाचा मजकूर डेटाबेसच्या एका रकान्यात असतो. प्रत्येक बिल्डर त्या रकान्याशी आपापल्या पद्धतीनं वागतो. डब्ल्यूपीबेकरी आणि जुना डिव्ही मजकुराभोवती चौकोनी कंसातले शॉर्टकोड गुंडाळतात. बिल्डर बंद केला की ते कंस वाचणारं कुणी उरत नाही आणि ते तसेच्या तसे पानावर दिसतात. २०१६ साली आलेला एलेमेंटर पानाची सगळी मांडणी वेगळ्याच रकान्यात जेसनच्या रूपात ठेवतो. तो काढला तर मजकूर शिल्लक राहतो, पण सजावट उतरलेला. ६ डिसेंबर २०१८ ला वर्डप्रेस ५.० बरोबर आलेला ब्लॉक एडिटर साधा एचटीएमएल ठेवतो आणि ब्लॉकच्या खुणा कॉमेंटमध्ये लिहितो. त्या कॉमेंटकडे ब्राउझर ढुंकूनही पाहत नाही, त्यामुळे उद्या एडिटर गेला तरी परिच्छेद परिच्छेद म्हणून आणि मथळा मथळा म्हणून राहतो. डिव्हीनंही पाचव्या आवृत्तीत शॉर्टकोडची वाट सोडली. विक्सच्या गावात तर हा प्रश्नच नाही. तिथे बांधलेली साइट उचलून दुसऱ्या सर्व्हरवर नेता येत नाही, तसं ते उघड सांगतात. स्क्वेअरस्पेस वर्डप्रेसजोगी फाइल काढून देतं, पण तिच्यात थोडकाच ऐवज येतो आणि मांडणी मागे राहते. वेबफ्लो पैसे भरणाऱ्याला एचटीएमएल आणि सीएसएस देतं. ज्याची त्याची रीत. बिल्डर निवडण्याआधी गिऱ्हाइकाला हे दोन मिनिटांत सांगता येतं, चहा निवायच्या आत.

पण खरं सांगू का, शॉर्टकोडचं मला फारसं वाईट वाटलं नाही. ते निघतात. कंटाळा येतो, पण निघतात. आपली खरी कर्तबगारी कंस निघाल्यावर दिसायला लागली.

पहिली भेट एका आकड्याशी झाली. आपल्या बिल्डरमध्ये एखाद्या चौकटीला जास्तीची जागा दिली की तो त्या चौकटीला एक नाव देतो आणि नावाच्या शेवटी त्या क्षणाचा आकडा जोडतो, १९७० पासूनच्या मिलिसेकंदांचा. होमपेजवरच्या एका चौकटीचा आकडा होता १५०३५९८२००४१७. हिशेब करून पाहिला: २४ ऑगस्ट २०१७, रात्री ११ वाजून ४० मिनिटं. दुसऱ्या दिवशी गणेश चतुर्थी. म्हणजे काकू खाली स्वयंपाकघरात उकडीच्या मोदकांची तयारी करत असणार आणि आपण वर बसून मोदकाच्या चित्राखाली ४० पिक्सेलची रिकामी जागा सोडत होतात. तिच्याखाली आणखी एक रिकामी चौकट, मग आणखी एक. अशा रिकाम्या चौकटींची अख्खी चाळ आपण बांधली आहे. दोन मजकुरांमध्ये अंतर हवं तर ते एकदा, एका ठिकाणी, सगळ्या साइटसाठी ठरवता येतं. आपण ते प्रत्येक वेळी हातानं टाकलंत. कन्व्हर्टरनं ती चाळ इमानेइतबारे नव्या जागी नेली. रिकामी खोलीसुद्धा त्यानं मोजून नेली.

आता भावांच्या पानाकडे येऊ. हे पान फ्रेम करून ठेवावं असं आहे.

आपण दोन कॉलम केलेत. डाव्या कॉलममध्ये एकच मोठा मजकूर: चकली, कडबोळी, थालीपीठ भाजणी, अनारसे, पातळ पोह्यांचा चिवडा, शंकरपाळी, चिरोटे, बाकरवडी. उजव्या कॉलममध्ये दुसरा मोठा मजकूर, नुसते भाव: ५६०, ५४०, १८०, ८००, ४४०, ४८०, ७००, ५२०. चकली आणि ५६० यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. दोघं योगायोगानं एका उंचीवर उभे आहेत, एवढंच. आपल्या लॅपटॉपवर, आपल्या फाँटमध्ये, आपल्या डोळ्यांसमोर ते समोरासमोर आले, आपण खूश झालात, काकूंना दाखवलंत, काकू खूश झाल्या.

मोबाइलवर काय झालं? मोबाइलच्या अरुंद पडद्यावर दोन कॉलम शेजारी मावत नाहीत, म्हणून डावा आधी येतो आणि उजवा त्याच्याखाली. सगळे पदार्थ वर, सगळे भाव खाली. गिऱ्हाइकं बोटं मोजत बसायची. व्हाइटफील्डहून एक मुलगी काकूंना फोन करून विचारायची, ‘काकू, वरून पाचवा भाव कशाचा?’ काकूंना वाटायचं, पोरीला गणिताची आवड आहे.

आणि कन्व्हर्टरनं काय केलं? त्यानं अत्यंत प्रामाणिकपणे दोन कॉलमचे दोन कॉलम केले. फक्त नव्या थीमचा फाँट नखभर रुंद निघाला. त्यामुळे ‘थालीपीठ भाजणी (अर्धा किलो)’ एका ओळीत मावेना. कंसातला अर्धा किलो खालच्या ओळीवर गेला आणि त्याच्याखालचं सगळं घर एक पायरी उतरलं. भाव होते तिथेच. आता पाहा. ‘अर्धा किलो’च्या समोर ८००. अनारशांसमोर चिवड्याचे ४४०. चिवड्यासमोर शंकरपाळीचे ४८०. शंकरपाळीसमोर चिरोट्यांचे ७००. चिरोट्यांना बाकरवडीचा भाव आणि बाकरवडी शेवटी एकटी उभी, तिला भावच नाही. फुकट. ही प्रत फक्त माझ्या संगणकावर होती म्हणून निभावलं. काकूंचा स्वभाव मला माहीत आहे. ४४० ला अनारसे मागणाऱ्याला त्यांनी ‘आता लिहिलंय म्हटल्यावर’ म्हणून ४४० लाच दिले असते आणि महिनाभर तांदूळ भिजवत बसल्या असत्या.

तक्ता करायला हवा होता, महाराज. एका ओळीत पदार्थ आणि त्याचाच भाव. तिसरी-चौथीतली पोरं वहीत आखतात तसला. मग तो कुठल्याही बिल्डरमध्ये न्या, कुठल्याही फाँटमध्ये दाखवा, चकलीचा भाव चकलीला सोडून जात नाही. आणि काकूंनाही आकड्यावर बोट ठेवून तो बदलता आला असता. त्यांची एकुलती एक अट होती ती.

आमच्या गल्लीतला पाटी रंगवणारा आपल्याहून शहाणा निघाला. २०२४ च्या सुरुवातीला कर्नाटकात दुकानांच्या पाट्यांवर ६० टक्के कन्नड हवं, यावरून रान पेटलं होतं. १०० फुटी रस्त्यापासून सीएमएच रस्त्यापर्यंत जिकडे तिकडे पाट्या उतरत होत्या, चढत होत्या. काकूंनीही फाटकावरची आपली हातभर पाटी बदलून घेतली. रंगवणाऱ्याला मराठी येत नव्हतं, काकूंचं कन्नड भाजीवाल्यापुरतं. तरी त्यानं ब्रश बुडवायच्या आधी जुन्या पाटीवर बोट ठेवत विचारलं: हे नाव का? हा माल का? हा फोन का? मग नाव कन्नडमध्ये वर मोठं, माल मधे, मराठी आणि इंग्रजी खाली, फोन सगळ्यात शेवटी. मांडणी पुरती उलटीपालटी झाली आणि एक अक्षर हरवलं नाही, कारण कुठली ओळ काय आहे हे त्यानं आधी समजून घेतलं होतं. आपल्या पानाला तोच प्रश्न विचारा. मथळा कुठला? माहीत नाही; आपण साध्याच परिच्छेदाला ठळक करून आकार ३२ दिलात. मग कन्व्हर्टरनं त्याला ठळक परिच्छेद म्हणूनच नेलं, त्याची काय चूक? उलट ‘आमच्याविषयी’च्या पानावर सहा वाक्यांना आपण पहिल्या दर्जाचा मथळा करून ठेवलंय, कारण तो आकार आपल्याला ‘छान दिसत’ होता. काकूंचं नाव पाचव्या दर्जाच्या मथळ्यात. घरच्या बाईला ओसरीवर बसवलंत.

देवनागरीवर आपला विशेष लोभ दिसतो. मथळ्यांमधल्या अक्षरांत आपण तीन-तीन पिक्सेलचं अंतर सोडलंत. इंग्रजी मोठ्या अक्षरांना ते शोभतं. आपण बहुधा कुठल्या तरी परदेशी कॅफेची साइट समोर ठेवली होतीत. देवनागरीला शिरोरेषा असते. अंतर सोडलं की ती तुटते आणि ‘दिवाळी फराळ’ हा पाडलेल्या वाड्यातल्या खांबांसारखा सुटा सुटा उभा राहतो. ओळींची उंची एवढी आवळलीत की ‘चिरोटे’मधल्या मात्रा वरच्या कडेला कापल्या जातात. आणि ते टाइपरायटर अ‍ॅनिमेशन! एकेक अक्षर टकटक करत येणारं. ते चालवणारा कोड शब्दाचे तुकडे करतो, प्रत्येक खूण वेगळी. मग ‘चिवडा’तली वेलांटी एकटी पडते आणि बिचारी टिंबांच्या गोलाला लटकून पडद्यावर येते. सात-आठ वर्षं काकूंच्या साइटवर गिऱ्हाइकाचं स्वागत टिंबांच्या गोलानं झालं. काकूंना वाटायचं तो लाडू आहे.

साइटची भाषाही आपण बदलली नव्हतीत. वर्डप्रेस बसवताना आली तशी अमेरिकन इंग्रजी ठेवलीत. आपल्याला वाटलं असेल, काय फरक पडतो? महाराष्ट्र शासनानं २००९ च्या निर्णयात पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ ही मराठीची वळणं ठरवून दिली. चांगल्या युनिकोड फाँटात ती दोन्ही वळणं आत बसवलेली असतात. पानानं फक्त ‘मी मराठी’ असं सांगायचं असतं, दोन अक्षरांची एक खूण लावून. आपलं पान स्वतःला अमेरिकन समजत होतं, म्हणून चकलीतला ‘ल’ आणि शंकरपाळीतला ‘श’ हिंदी वळणाचे. सगळ्या दुरुस्त्यांमध्ये मला सर्वांत कमी वेळ लागला तो इथे आणि सर्वांत जास्त समाधानही इथेच मिळालं. काकांनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाले, ‘आता आपलं वाटतंय.’ कशामुळे ते त्यांना सांगता येईना.

तळघरात काय सापडलं तेही सांगते. पानाच्या शेवटी आपण ‘रॉ एचटीएमएल’चा एक डबा ठेवला होतात. कन्व्हर्टरला तो डबा ओळखता आला नाही, म्हणून त्यानं तो न बोलता टाकून दिला. जुन्या डेटाबेसमध्ये उघडून पाहिलं तर नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ. आपला बिल्डर असल्या डब्यातला मजकूर आधी टक्क्याच्या खुणांमध्ये आणि मग बेस-६४ मध्ये बदलून ठेवतो. देवनागरीची एक खूण तिथे १२ अक्षरं खाते. च, क, ल आणि वेलांटी मिळून ‘चकली’ ४८ अक्षरांची होते. शोधून सापडणार नाही, वाचून कळणार नाही. उलगडल्यावर आत काय निघालं? काकूंच्या घराचा नकाशा आणि अन्नसुरक्षेच्या नोंदणीचा १४ आकडी क्रमांक. खाद्यपदार्थ विकणाऱ्या बाईचा सगळ्यांत महत्त्वाचा आकडा आपण घरातल्या सगळ्यांत अंधाऱ्या फडताळात ठेवलात. साध्या परिच्छेदात लिहिला असता तर आपल्या कलेला कमीपणा आला असता का?

तसाच तो ‘मेनू-२’. काकूंच्या प्रत्येक डब्यावर छापलेला क्यूआर कोड ‘मेनू-२’ नावाच्या पानावर जातो. मेनू-१ कुठे आहे म्हणून मी बरीच शोधाशोध केली. तो नाहीच. आपण आधी ‘मेनू’ नावाचं एक चित्र चढवलंत. वर्डप्रेसमध्ये चढवलेलं चित्रही स्वतःचा पत्ता अडवून बसतं, म्हणून नंतर आलेल्या पानाला ‘मेनू-२’ व्हावं लागलं. चित्राचा पत्ता बदलला असता तर काम झालं असतं. आपण तो पत्ता तसाच छापखान्यात पाठवलात. आता हजारभर डब्यांवर तो आहे, म्हणून नव्या साइटवरही ‘मेनू-२’ला जन्मठेप.

आपण एकटेच पापी आहात असं मी म्हणत नाही. या धंद्याची घराणेशाही जुनी आहे. मायक्रोसॉफ्टनं १९९६ मध्ये फ्रंटपेज विकत घेतलं. त्यानं बनवलेल्या पानांवरचे भेटी मोजणारे काटे आणि फॉर्म फ्रंटपेजची खास जोडणी असलेल्या सर्व्हरवरच चालायचे. सर्व्हर बदलला की काटा मेला. त्याच काळात पानाची मांडणी तक्त्यांच्या पोटात तक्ते घालून आणि एका पिक्सेलच्या अदृश्य चित्रांनी जागा अडवून व्हायची. मजकूर वेगळा आणि दिसणं वेगळं ठेवावं म्हणून सीएसएसचं पहिलं प्रमाण डिसेंबर १९९६ मध्येच आलं होतं. आपण २०१७ सालीही रिकाम्या चौकटींनीच जागा अडवत होतात. परंपरा जपणं म्हणतात ते हेच. तेव्हा तक्ता नको तिथे वापरायचे. आपण हवा तिथे टाळलात.

आपल्या बाजूनं एक बोलते, म्हणजे एकतर्फी झालं असं नको. आपल्याला मिळालेले पैसे कमी होते. काकूंनी घासाघीस केली होती, ती त्या केळीवाल्याशीही करतात. पानावर फिरणारं लाडूचं चित्रही त्यांनाच हवं होतं. थीमच्या डेमोत एस्प्रेसोचा कप होता, आपण त्या जागी चकली ठेवलीत आणि दोन दिवसांत साइट उभी केलीत, हे सगळं मान्य. पण तक्ता करायला दोन कॉलमांपेक्षा जास्त वेळ लागत नाही. मथळ्याला मथळा म्हणायला एक क्लिक लागतो. जो एक क्लिक आपण मला आज सुचवताय, तो त्या वेळी आपल्याच बोटाशी होता.

आणि देशाचा कायदाही आपल्याच बाजूला आहे, निश्चिंत असा. मोबाइलचा नंबर २० जानेवारी २०११ पासून भारतभर कुणालाही दुसऱ्या कंपनीकडे नेता येतो. दूरसंचार नियामक ट्रायनं कंपन्यांच्या नाकदुऱ्या काढल्या नाहीत, नियम केला. माहितीच्या बाबतीत मात्र २०१९ च्या विधेयकात स्वतःची वैयक्तिक माहिती सोबत घेऊन जाण्याचा हक्क लिहिला होता, २०२३ चा कायदा झाला तेव्हा तो त्यात राहिला नाही. तिथे माणसाच्या माहितीची ही गत, तर काकूंच्या कडबोळ्यांच्या मांडणीला कोण विचारतो? बिल्डरांनी एकमेकांना वाचता येईल असं एक रूप ठरवावं, असं बंधन कुणावर नाही. तेव्हा आपल्या ‘मायग्रेशन’च्या धंद्याला पुढची काही वर्षं मरण नाही.

काकूंची साइट आता उभी आहे. साधी आहे. फिरणारा लाडू नाही, टिंबांचा गोलही नाही. कन्व्हर्टर मी शेवटी फेकून दिला. मजकूर हातानं उचलला आणि एकेक ओळ कोण आहे ते काकूंनाच विचारत गेले. ‘हे काय आहे काकू?’ ‘ती भाजणी किती दिवस टिकते त्याची गोष्ट आहे गं.’ मग ती टीप झाली. कोजागरीनंतर काकूंनी अनारशांचा भाव स्वतः बदलला, ८०० चे ८४० केले, आणि मला फोन करून सांगितलं की इंटरनेट हलवलं. आपलं कोटेशन पोचलं. त्यातल्या ‘पिक्सेल परफेक्ट कन्व्हर्जन’ या ओळीवर काकांनी बॉलपेननं काट मारली आहे. सवयीनं, ते गुणवत्ता तपासणीत होते.

कळावे, लोभ आहे तसा नसावा.

आपली,
काकूंच्या वरच्या मजल्यावरची भाडेकरू

ता. क. – एक काम राहिलं. काकूंच्या साइटचं डोमेन आपण आपल्याच नावावर आणि आपल्याच फोनवर नोंदवून ठेवलंय, असं आज कळलं. मालकी बदलण्याचा अर्ज आत्ता भरते आहे. आपल्या फोनवर ओटीपी येईल. सहा आकडी आहे. कृपा करून तो व्हॉट्सअ‍ॅपवर टाइप करून पाठवा. स्क्रीनशॉट नको, चित्रातले आकडे सहज कॉपी होत नाहीत आणि मुदत दहा मिनिटांची असते. चकली काकू देणार आहेत. मी नको म्हटलं होतं.